ॲटच्या डावीकडे राज्य कोणाचं?



नागपुरात अधिवेशनाचे दिवस आहेत. निम्मे रस्ते बंद, उरलेल्या निम्म्यांवर मोर्चे. अशा संध्याकाळी स्वेटर-मफलर चढवून, बर्डीवरून वळसे घेत आपण इथवर आलात, म्हणून आधी आपले आभार मानतो.

ज्या सरांच्या स्मृतीसाठी ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आयुष्यभर व्याकरण शिकवलं. म्हणून मीही आज व्याकरणावरच बोलायचं ठरवलं. हे व्याकरण आहे ईमेलच्या पत्त्याचं. आयोजकांनी विषय ऐकला, जरा थांबले आणि म्हणाले, "तासभर पुरेल ना?" पुरेल. उरेलसुद्धा.

सुरुवात परीक्षेनं करू. मी पाच पत्ते सांगतो. बरोबर वाटेल त्याला हात वर करा. ॲट या चिन्हाच्या उजवीकडे सगळीकडे एकच साधं नाव आहे असं समजा, अमुक डॉट कॉम. बदलतो तो फक्त डावीकडचा भाग, आणि तो अर्थातच रोमन लिपीत. पहिला पत्ता: सुरेश, मग बेरजेचं चिन्ह, मग वीजबिल. दुसरा: डिसोझा, पण ‘डी’नंतर तो वर लटकणारा स्वल्पविराम देऊन. तिसरा: एक उद्गारचिन्ह. हो, नुसतं उद्गारचिन्ह, बाकी काही नाही. चौथा: दुहेरी अवतरणचिन्हांत ‘सुरेश पाटील’, मधली मोकळी जागा तशीच ठेवून. आणि पाचवा: सुरेश, टिंब, टिंब, पाटील.

पाचव्याला सगळ्यात जास्त हात दिसतात. श्रोतेहो, नेमका तोच चुकीचा आहे. पहिले चारही शुद्ध. उद्गारचिन्ह चालतं, टक्क्याचं चिन्ह चालतं, महिरपी कंस चालतो, तिरपी रेघ चालते. पण टिंबाला लागून टिंब चालत नाही, सुरुवातीला टिंब चालत नाही, शेवटी टिंब चालत नाही.

बरं, इथे तरी प्रकरण मिटावं? जपानमध्ये डोकोमो नावाची मोठी मोबाइल कंपनी आहे. तिच्या ग्राहकांना बरीच वर्षं लागोपाठ टिंबं असलेले पत्ते मिळत होते. म्हणजे व्याकरणाप्रमाणे अशुद्ध पत्ता, पण त्या पत्त्यावर पत्र जात होतं, माणूस ते वाचत होता, उत्तर देत होता. मग त्या पत्त्याला वैध म्हणायचं की अवैध? आणि हे ठरवणार कोण? माझं आजचं सगळं बोलणं या ‘कोण’वर आहे.

थोडा इतिहास सांगावा लागेल. १९७१ साली अमेरिकेत रे टॉमलिन्सन नावाच्या अभियंत्यानं एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर निरोप धाडला. एकाच यंत्राच्या वापरकर्त्यांना आपसात निरोप ठेवता येत होते. प्रश्न होता यंत्र बदललं तर कसं. माणसाचं नाव आणि यंत्राचं नाव यांच्या मधे एक चिन्ह हवं होतं, आणि ते कोणाच्याही नावात येत नसावं अशी अट होती. त्यांनी कळफलकावरचं ॲट उचललं. गंमत पाहा, त्या काळात मल्टिक्स नावाची एक प्रतिष्ठित प्रणाली होती, आणि तिच्यावर ॲट दाबलं की टाइप केलेली अख्खी ओळ पुसली जायची! तिथल्या मंडळींनी पत्ता लिहायला घ्यावा आणि पत्ताच नाहीसा व्हावा. नवी पद्धत रुजताना कोणाचा तरी जीव असा हैराण होतोच.

१९८२ च्या ऑगस्टमध्ये दोन मानकं आली. पत्र एका यंत्राकडून दुसऱ्याकडे कसं सोपवायचं, हे जॉन पोस्टेल यांनी लिहिलं. पत्राचा मजकूर आणि त्यावरचे पत्ते कसे मांडायचे, हे डेव्हिड क्रॉकर यांनी. त्यांच्या २००८ सालच्या सुधारित आवृत्त्या पुढे प्रमाण मानल्या गेल्या. या मानकांत इतकी ऐसपैस सूट का ठेवली? कारण तेव्हा जाळं एक नव्हतं. अनेक जाळी होती आणि प्रत्येकाची पत्ता लिहिण्याची रीत निराळी. एका जाळ्यात पत्र ज्या-ज्या यंत्रांतून जायचं त्यांची नावं उद्गारचिन्हांनी जोडून लिहीत. दुसरीकडे टक्क्याच्या चिन्हानं मार्ग सांगत. युरोपातल्या टपालखात्यांच्या आवडत्या पद्धतीत देश, संस्था, व्यक्ती असे कप्पे तिरप्या रेघांनी आणि बरोबरच्या चिन्हांनी मांडत. या सगळ्यांचे पत्ते एकमेकांच्या जाळ्यांतून सुखरूप जायचे, तर कोणाचंच चिन्ह नाकारून भागणार नव्हतं. म्हणून ठरलं असं, की उजवीकडचा भाग सगळ्यांना समजला पाहिजे, त्याचे नियम कडक. डावीकडचा भाग मात्र फक्त पोचण्याच्या ठिकाणी समजला म्हणजे झालं. वाटेतल्या कोणीही त्याचा अर्थ लावायचा नाही, तो सुधारायचा नाही, त्यावर मत द्यायचं नाही.

आपल्याला हे परकं वाटू नये. महाल भागातला एखादा पत्ता डोळ्यासमोर आणा: बडकस चौकाजवळ, अमक्यांच्या वाड्यात, मागच्या अंगणातून वर. दिल्लीत पत्र छाटणाऱ्याला यातलं काय कळणार? त्याला कळायची गरजच नाही. १५ ऑगस्ट १९७२ पासून आपल्याकडे पिनकोड आहे. श्रीराम भिकाजी वेलणकर या आपल्या मराठी माणसानं, संस्कृत कवीनं, टपालखात्यात बसून ती योजना आखली. पहिल्या आकड्यावरून विभाग, दुसऱ्यावरून उपविभाग, तिसऱ्यावरून छाटणीचा जिल्हा. ४४० दिसलं की पत्र नागपूरकडे निघतं. पुढचे तीन आकडे ते वाटपाच्या कचेरीत नेतात आणि मागचं अंगण फक्त तिथल्या पोस्टमनला ठाऊक असतं. अंगणाबद्दल दिल्लीनं आक्षेप घेतला असता तर निम्म्या महालाला पत्रं मिळाली नसती.

ईमेलमध्ये हीच वाटणी आहे. ॲटच्या उजवीकडे जगाचं राज्य, डावीकडे घरमालकाचं. जीमेल २००४ साली आलं. त्यानं आपल्या घरात ठरवलं की नावातली टिंबं आम्ही धरणार नाही. सुरेश टिंब पाटील आणि सुरेशपाटील एकच माणूस. दुसऱ्या घरी ही दोन माणसं असू शकतात. मानक तर असंही म्हणतं, की डावीकडे मोठी लिपी आणि छोटी लिपी यांत फरक करण्याची मुभा घरमालकाला आहे. बहुतेक घरं तो फरक करत नाहीत. पण न करणं हा त्यांचा निर्णय झाला. बाहेरच्यानं तो गृहीत धरायचा नाही.

नागपूरचंच उदाहरण देतो. १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमनं देशात लोकांसाठी इंटरनेट सुरू केलं, पुढे बीएसएनएलचं संचारनेट घरोघर पोचलं. आपल्यापैकी अनेकांच्या जुन्या लेटरहेडवर तो पत्ता अजून असेल: आधी नाव, मग खालची रेघ, मग एनजीपी, मग ॲट संचारनेट डॉट इन. एनजीपी म्हणजे आपण. त्या तीन अक्षरांना दिल्लीत काही किंमत नव्हती. संचारनेटनं आपल्या घरातल्या माणसांना गावानुसार शेपूट लावलं होतं, एवढंच. आणि ती खालची रेघ पाहा. डावीकडे ती पूर्ण शुद्ध. तीच उजवीकडे यंत्राच्या नावात घातली तर अशुद्ध. फोनवर पत्ता सांगताना त्या रेघेनं किती छळलंय! "अंडरस्कोर, मधली रेघ नाही हो, खालची." समोरचा मधलीच लिहायचा.

आता बिघडलं कुठे ते बघू. इतकी सरळ वाटणी असताना बिघडवलं कोणी? फॉर्मनं.

बँकेचा फॉर्म, विम्याचा फॉर्म, शिष्यवृत्तीचा फॉर्म. यांपैकी प्रत्येक जण वाटेतला छाटणी करणारा आहे, आणि प्रत्येक जण डावीकडच्या अंगणात डोकावतो. आपल्या गावच्या एका सेवा केंद्रात मी उभा होतो. वसईकडून बदली होऊन आलेल्या एका बाईंच्या पत्त्यात तो वर लटकणारा स्वल्पविराम होता. काउंटरवरचा मुलगा सज्जन होता. दोनदा टाइप केलं, तिसऱ्यांदा टाइप केलं आणि म्हणाला, "मॅडम, सिस्टिम घेऊनच नाही राहिली ना. दुसरा आयडी नाही का?" त्या बाईंचा पत्ता खरा होता, त्यावर रोज पत्रं येत होती. खोटी होती ती सिस्टिमची कल्पना.

ही कल्पना येते कुठून? प्रोग्रामर मंडळी मजकूर तपासायला एक सूत्र लिहितात, त्याला रेग्युलर एक्स्प्रेशन म्हणतात. कोणीतरी दहा-वीस चिन्हांचं सूत्र लिहिलं. बाकीच्यांनी उतरवून घेतलं. त्यात टिंब आहे, खालची रेघ आहे, बेरजेचं चिन्ह विसरलंय. शेवटचं नाव दोन ते चार अक्षरांचं असलं पाहिजे असंही त्यात लिहिलेलं, कारण लिहिणाऱ्यानं कॉम, नेट, इन आणि इन्फो एवढंच पाहिलेलं. ‘म्युझियम’ हे सहा रोमन अक्षरांचं शेवटचं नाव या शतकाच्या सुरुवातीलाच आलं होतं. आता अशी नावं हजाराहून जास्त आहेत.

मग सूत्र नीट लिहायचं ना, असं कोणी म्हणेल. एकानं प्रयत्न केला. १९८२ च्या व्याकरणाबरहुकूम पत्ता तपासणारं सूत्र पर्ल भाषेच्या मंडळींत प्रसिद्ध आहे. त्याची लांबी सहा हजार चिन्हांहून जास्त आहे. छापलं तर पानं भरतात. आणि तेही अपुरं! कारण या व्याकरणात पत्त्याच्या मधेच कंसात शेरा लिहायची सोय आहे, त्या शेऱ्यात पुन्हा कंस, त्यात पुन्हा कंस. असे कंस तपासायला आधी शेरे काढून टाकावे लागतात, मग सूत्र लावावं लागतं. शेवटी वेबपानांचं मानक लिहिणाऱ्यांनीच हात टेकले. ब्राउझरमधल्या ईमेलच्या चौकटीसाठी त्यांनी स्वतःचा साधा नियम केला आणि लिहून ठेवलं, की मूळ मानक आम्ही जाणूनबुजून मोडतो आहोत. ते एकाच वेळी फार कडक, फार मोघम आणि फार सैल आहे. मानक बनवणारे दुसऱ्याच्या मानकाबद्दल इतकं मोकळेपणानं क्वचितच बोलतात.

आता माझ्या आवडीच्या मुद्द्याकडे येतो. इतका वेळ मी ‘अर्थातच रोमन लिपीत’ म्हणत आलो. अर्थातच का?

२७ ऑगस्ट २०१४ ला देवनागरीत ‘डॉट भारत’ सुरू झालं. हिंदी, मराठी, कोंकणी, नेपाळी अशा देवनागरीत लिहिल्या जाणाऱ्या भाषांसाठी ते एकच. त्यामागचं भाषेचं बरंचसं काम पुण्याच्या सी-डॅकमधल्या जिस्ट गटाकडे होतं. भारतीय लिपी संगणकावर आणण्याचं मोहन तांबे यांनी आयआयटी कानपूरला सुरू केलेलं काम पुढे पुण्यात आलं, त्या परंपरेतला हा गट. म्हणजे उजवीकडचा प्रश्न सुटला. कसा सुटला? युक्तीनं. ‘भारत’ ही अक्षरं जाळ्यातून जातच नाहीत. त्यांचं रोमन रूपांतर जातं: एक्स, एन, दोन आडव्या रेघा, एच, टू, बी, आर, जे, नाइन, सी. हे आपल्या देशाचं नाव आहे, श्रोतेहो! डोळ्यांना भारत दिसतं, तारेतून ते एक्सएन जातं. जुन्या यंत्रांना बदल कळतच नाही.

डावीकडे ही युक्ती चालत नाही. का? कारण डावीकडे राज्य घरमालकाचं, आणि वाटेतल्यांना तिथे रूपांतर करायचा अधिकारच नाही. ज्या नियमामुळे चाळीस वर्षं सगळ्यांची सोय झाली, त्याच नियमापायी आता देवनागरी नाव जसंच्या तसं, युनिकोडमध्येच पाठवावं लागतं. त्यासाठीची मानकं २०१२ मध्ये आली. अट अशी, की वाटेतल्या प्रत्येक यंत्राला ती कळली पाहिजेत. एकाला जरी कळली नाहीत तर पत्र परत. जीमेलनं २०१४ मध्ये अशा पत्त्यांशी पत्रव्यवहाराची सोय केली, मायक्रोसॉफ्टनं २०१८ मध्ये भारतीय भाषांसाठी. म्हणजे मोठी घरं तयार आहेत. मग अडतं कुठे? पुन्हा त्याच काउंटरवर, त्याच दहा-वीस चिन्हांच्या सूत्रात.

आणि समजा सूत्रही सुधारलं. ज्ञानेश्वर विश्वनाथ देशपांडे असं आपल्या रीतीचं पूर्ण नाव घ्या: स्वतःचं, वडलांचं, आडनाव. मधे दोन टिंबं. डावीकडच्या भागाला मानकानं ६४ बाइटांची मर्यादा घातली आहे. रोमन लिपीत हे नाव टिंबांसह ३२ बाइटांत बसतं, बरोबर निम्म्यात. देवनागरीत? युनिकोडच्या नेहमीच्या मांडणीत आपल्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. काना हे एक चिन्ह, मात्रा एक, हलन्त एक, अनुस्वार एक. ‘ज्ञानेश्वर’ची चिन्हं होतात दहा, बाइट तीस. ‘विश्वनाथ’चे चोवीस, ‘देशपांडे’चे चोवीस, टिंबांचे दोन. बेरीज ८०. डोळ्यांना अक्षरं दिसतात बारा, यंत्र मोजतं ऐंशी, मर्यादा चौसष्ट! वडलांचं नाव गाळलं तर ५५ मध्ये बसतं. मर्यादा ठरवणाऱ्यांच्या मनात आपल्याबद्दल काही वाईट नव्हतं. तेव्हा अक्षर म्हणजे एक बाइट, एवढंच त्यांना माहीत होतं. पण किंमत कोणाच्या वडलांच्या नावानं चुकवायची, हे त्यातून ठरलं.

आणखी एक. आपल्या मराठीचा तो अर्धा र. कऱ्हाड, गोऱ्हे, कुऱ्हाडे. हिंदीला तो लागत नाही, मराठीला लागतो. संगणकावर तो दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक, खाली टिंब असलेला र घेऊन त्याला हलन्त. दुसरी, साधा र, हलन्त, आणि पुढे एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. कागदावर छापले तर ब्रह्मदेवालाही फरक सांगता येणार नाही. यंत्राला मात्र ती दोन वेगळी नावं. कोणता कळफलक वापरला त्यावर कोणतं नाव उमटेल ते ठरतं. मग कुऱ्हाडे आडनावाच्या माणसानं आपला पत्ता कागदावर लिहून दिला आणि समोरच्यानं तो दुसऱ्या कळफलकावर टाइप केला, तर पत्र कोणाला जाईल? यावर उपाय एकच, घरमालकानं दोन्ही रूपं एकाच माणसाची मानायची, जशी जीमेल टिंबं धरत नाही तशी. अमेरिकेतलं कोणी उठून हे आपल्यासाठी करणार नाही. हे काम मराठी माणसानंच सांगायला हवं, आणि आग्रहानं सांगायला हवं. आपण मात्र अभिजात दर्जाच्या कमानी उभारण्यात रमतो. असो.

आता कायद्याबद्दल थोडं, कारण सभागृहात काळे कोटही दिसताहेत. माहिती तंत्रज्ञान कायदा, २०००, त्याचं कलम १३. पत्र घेण्यासाठी तुम्ही एखादी संगणकीय जागा नेमून दिली असेल, तर पत्र त्या जागेत शिरलं की तुम्हाला मिळालं असं, वेगळं काही ठरलेलं नसेल तर, धरतात. उघडलंत की नाही, याला महत्त्व नाही. आयकराच्या नोटिसा ईमेलनं येतात. त्या पाठवणारे अधिकारी घडतात आपल्याच छिंदवाडा रोडवरच्या प्रबोधिनीत. आणि गावाकडे काय चाललंय? शेतकऱ्याचा फॉर्म भरताना ईमेलची चौकट सक्तीची असते. त्याच्याकडे ईमेल नाही. चौकट रिकामी सोडली तर फॉर्म पुढे सरकत नाही. म्हणून केंद्रचालक स्वतःचा पत्ता टाकतो. सूत्र खूश: ॲट आहे, टिंब आहे, पत्ता जिवंत आहे. एका तरुणाच्या पेटीत अख्ख्या गावाची पत्रं येऊन पडतात आणि कागदोपत्री ती गावाला मिळालेली असतात. राजेहो, बाईंचा खरा पत्ता अवैध आणि हा वैध! तपासणीनं तपासलं तरी काय?

व्याकरणानं पत्ता शुद्ध आहे का, तो अस्तित्वात आहे का, आणि तो याच माणसाचा आहे का, हे तीन निराळे प्रश्न आहेत. सूत्र पहिल्याचं उत्तर देतं, तेही अर्धवट. उरलेल्या दोहोंचं उत्तर फक्त त्या पत्त्यावर पत्र टाकून आणि माणसाकडून पोच घेऊनच मिळतं.

मिहानमध्ये नोकरी करणारी तुमची-आमची मुलं अशीच सूत्रं रोज उतरवून घेतात. त्यांच्यापैकी काही इथे असतील तर त्यांना माझं सांगणं थोडं आहे. ॲट आहे का पाहा, त्याच्या दोन्ही बाजूंना काहीतरी आहे का पाहा, आणि तपासणी तिथेच थांबवा. मग पत्र पाठवा. आणि ईमेलची चौकट सक्तीची करू नका. ज्याच्याकडे पत्ता नाही त्याला ‘नाही’ म्हणता येऊ द्या, म्हणजे त्याची नोटीस कागदावर त्याच्या घरी जाईल.

राहिला प्रश्न जुन्या पत्त्यांचा, आणि तो त्या मुलांच्या नव्हे, त्यांच्या साहेबांच्या हातात आहे. संचारनेटच्या जागी पुढे बीएसएनएल डॉट इन आलं, लोक जीमेलवर गेले. पण कोणाच्या शेअरच्या खात्यावर, कोणाच्या विम्याच्या कागदावर तो एनजीपीवाला पत्ता अजून बसलेला असतो. बदलायला गेलं की यंत्र म्हणतं, आधी जुन्या पत्त्यावर पाठवलेला कोड सांगा. जो पत्ता बंद पडला म्हणून माणूस आलाय, त्याच पत्त्याची साक्ष मागतात! अशा वेळी त्याला ओळखपत्र घेऊन खिडकीपाशी येऊ द्या, आणि खिडकीतल्या कारकुनाला पत्ता बदलायचा अधिकार द्या.

अध्यक्षांनी प्रश्नांसाठी वेळ राखून ठेवला आहे. मागच्या रांगेपासून सुरुवात करू या.